सूर्य मावळला, म्हणजे काय झाले? रॉक गाण्यांचे अर्थ लावण्याविषयी

गेल्या वर्षी आमच्या भाचीचे लग्न ठरले. मुलगा आणि मुलगी दोघेही बडोद्यातच वाढलेले, घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि कानांत बहुतेक वेळ इंग्रजी गाणी. अंतरपाट दूर झाल्यावर, एकमेकांना हार घालताना कोणती गाणी वाजवायची याची यादी घेऊन ती दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली. यादीत सर्वांत वर ‘द पोलीस’ या ब्रिटिश बँडचे ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे १९८३ सालचे गाणे होते. “मामा, याच्याइतकं प्रेमाचं गाणं दुसरं नाही,” असे ती अगदी खात्रीने म्हणाली. मी तिला एवढेच सुचवले की, मधले कडवे एकदा शब्द समोर ठेवून ऐक.

गाण्याची चाल इतकी संथ आणि मायाळू आहे की तिचा समज होणे अगदी स्वाभाविक होते. अमेरिकेत हे गाणे सलग आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि जगभर ते लग्नांत वाजवले जाते. तुझा प्रत्येक श्वास, तुझी प्रत्येक हालचाल, तुझे प्रत्येक पाऊल मी पाहत राहीन, असे गाणारा सांगतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात काळजी घेणारा जोडीदार दिसतो. पण शब्द मोजत गेले की एक गोष्ट लक्षात येते: या गाण्यातला पुरुष पाहण्याखेरीज काहीही करत नाही. तो हात पुढे करत नाही, सोबत चालत नाही, काही देत नाही, काही विचारत नाही. तू माझी आहेस हे तुला कसे दिसत नाही, असे तो म्हणतो, आणि त्यात मालकीचा सूर आहे. मधल्या कडव्यात चाल एकदम उंच जाते आणि तो सांगून टाकतो की तू गेल्यापासून माझा ठावठिकाणा हरवला आहे. म्हणजे ती कधीच निघून गेली आहे. ज्या स्त्रीच्या श्वासांवर तो नजर ठेवून आहे ती त्याची राहिलेलीच नाही. हे एक वाक्य नीट ऐकले की आधीची सगळी ‘प्रत्येक, प्रत्येक’ अशी आवर्तने वेगळी ऐकू येऊ लागतात. अँडी समर्सच्या गिटारीचा तो न थांबणारा, एकसारखा झुलता सूरही मग पाळत ठेवणाऱ्या माणसाच्या येरझाऱ्यांसारखा वाटतो. गाणे लिहिणाऱ्या स्टिंगचे स्वतःचे लग्न त्या काळात मोडत होते, आणि पुढे मुलाखतींत त्याने हे गाणे मत्सराचे आणि पाळतीचे आहे असेच सांगितले आहे. तरीही मला येथे त्याच्या साक्षीची फारशी गरज वाटत नाही, कारण जे सांगायचे ते गाण्याच्या शब्दांतच पडलेले आहे.

प्रश्न असा की, एकाच गाण्याचे असे दोन अर्थ कसे निघतात, आणि त्यांतला कोणता धरावा हे कशावरून ठरवायचे? रॉक संगीत ऐकणारी तरुण मंडळी यावर तासन्‌तास वाद घालतात, आणि तो वाद बहुधा दोन टोकांना जाऊन थांबतो. एक जण म्हणतो, कवीच्या मनात जे होते तोच अर्थ. दुसरा म्हणतो, ज्याला जे वाटेल तो अर्थ. या दोन्ही टोकांना मला समाधान मिळालेले नाही, आणि याचे कारण असे की, या प्रश्नाचा आपल्याकडे फार बारकाईने आणि फार पूर्वीच विचार झालेला आहे. तो विचार इंग्रजी रॉक गाण्याला लावून पाहिला तर तो चपखल बसतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

संस्कृत काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत. पहिली अभिधा, म्हणजे शब्दाचा सरळ, कोशातला अर्थ. दुसरी लक्षणा: सरळ अर्थ जुळेनासा झाला की शब्द शेजारच्या अर्थाकडे सरकतो. ‘अख्खी मांडवी रस्त्यावर आली’ असे आपण बडोद्यात नवरात्रात म्हणतो तेव्हा मांडवी चौकातला जुना मंडप चालत आलेला नसतो, तिथली माणसे आलेली असतात, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तिसरी व्यंजना, आणि गाण्यांच्या बाबतीत खरी कसोटी हिचीच असते. सरळ अर्थ पूर्णपणे जुळत असतानाही त्याच्या मागून आणखी काही ऐकू येते, घंटेचा टोल पडून गेल्यावर जसा तिचा नाद रेंगाळतो तसे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने याला ध्वनी म्हटले आणि काव्याचा आत्मा हाच, असे ‘ध्वन्यालोका’त मांडले.

अकराव्या शतकातल्या मम्मटाने याचे जे उदाहरण दिले आहे त्याहून सोपे उदाहरण मला आजवर सापडलेले नाही. वाक्य एवढेच: सूर्य मावळला. सेनापतीने हे ऐकले तर त्याला वाटेल, शत्रूवर तुटून पडण्याची वेळ झाली. मजुराला वाटेल, आता काम थांबवावे. गुराख्याला वाटेल, गुरे घराकडे वळवावीत. कर्मठ माणसाला संध्येची आठवण होईल, दुकानदाराला माल आवरायची, आणि कोणाची वाट पाहत बसलेल्या स्त्रीला वाटेल, आता तो यायला हवा, किंवा, आजही तो आला नाही. शब्द एकच, सूर्यही एकच, आणि यांतला एकही अर्थ चुकीचा नाही. पण याच वाक्याचा अर्थ कोणी ‘सकाळ झाली’ असा लावला तर तो मात्र चुकीचाच ठरतो, आणि अनेक अर्थ संभवतात म्हणून कोणताही अर्थ चालतो, असे म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विसरू नये.

हे वेगवेगळे अर्थ कशामुळे निघतात याचीही यादी मम्मटाने दिली आहे. बोलणारा कोण, कोणाला उद्देशून, आवाजाचा चढउतार कसा, जवळपास कोण आहे, प्रसंग कोणता, देश कोणता, काळ कोणता. रॉक गाण्याबद्दलचे बहुतेक गैरसमज यांतली एखादी गोष्ट न विचारल्यामुळे होतात.

बोलणारा कोण, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. गाणे गाणारा माणूस आणि गाण्यातला ‘मी’ हे एकच असतात असे आपण नकळत धरून चालतो, विशेषतः रॉक गायक स्वतःच गाणी लिहितात हे ठाऊक असल्यामुळे. मराठी माणसाकडून तरी ही चूक होऊ नये, कारण आपण भारुडे ऐकत वाढलो आहोत. ‘दादला नको गं बाई’ म्हणणारी बाई म्हणजे एकनाथ नव्हेत हे लहान मुलालाही कळते. विंचू चावल्याचे सांगत जी व्यक्ती तळमळते तिच्या वेदनेला आपण आधी हसतो, आणि मग तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे त्याच भारुडात ऐकून गंभीर होतो. सोंग घेऊन बोलणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. रॉकमधला कवीही अनेकदा सोंगच घेतो, फक्त तो अंगावर लुगडे नेसून येत नाही, त्यामुळे ते सोंग आपल्या ध्यानात येत नाही.

ब्रूस स्प्रिंगस्टीनचे १९८४ सालचे ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ध्रुवपदात तो छाती फुटेस्तोवर ओरडून सांगतो की माझा जन्म अमेरिकेत झाला. मागे ढोल कडाडतात, सिंथेसायझरवर विजयाची तुतारी वाजावी तशी सुरावट वाजते, आणि ऐकणाऱ्याला वाटते, हे देशाभिमानाचे गीत आहे. कडव्यांत मात्र एक वेगळाच माणूस बोलतो. लहान गावात मार खात वाढलेला, काही भानगडीत सापडल्यावर हातात बंदूक देऊन व्हिएतनामला धाडलेला आणि परतल्यावर कारखान्यात काम न मिळालेला हा सैनिक आहे. त्याचा भाऊ खे सान येथे लढला. शत्रू अजून तिथेच आहे आणि भाऊ मात्र नाही, हे तो दोन लहान ओळींत सांगतो, आणि पुढे त्या भावाच्या एका छायाचित्राचा उल्लेख करतो ज्यात तो सायगावच्या आपल्या प्रेयसीच्या मिठीत आहे. हे ऐकून ध्रुवपदाकडे परत आले की ‘माझा जन्म इथला’ या वाक्यात अभिमानापेक्षा जाब विचारणे अधिक ऐकू येते: मी इथलाच आहे ना, मग माझी ही गत का? त्याच वर्षी सप्टेंबरात अध्यक्ष रेगन न्यू जर्सीतल्या हॅमंटन येथे प्रचाराला गेले, तेव्हा त्यांनी त्याच राज्यातल्या स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश असल्याचे भाषणात सांगितले. स्प्रिंगस्टीनला ते रुचले नाही आणि त्याने पुढच्याच काही दिवसांत रंगमंचावरून तसे बोलून दाखवले.

येथे दोष एकट्या रेगन यांना देणे मला योग्य वाटत नाही. ध्रुवपद कानात बसते आणि कडवी निसटतात, हा गाण्याचा स्वभावच आहे. शिवाय स्प्रिंगस्टीनने स्वतःच ती चाल इतकी विजयी ठेवली. हेच गाणे त्याने १९८२ मध्ये घरी एकट्याने, साध्या गिटारीवर ध्वनिमुद्रित केले होते, आणि ते ध्वनिमुद्रण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. शब्द बहुतांशी तेच, पण आवाज खाली दबलेला, जवळजवळ पुटपुटणारा. ते ऐकताना कोणाच्याही मनात झेंडा फडकत नाही. मम्मटाच्या यादीतली ‘काकू’ ती हीच: स्वराच्या चढउताराने अर्थ पालटणे.

काकू म्हणजे काय हे बडोद्यात तरी लांब शोधायला नको. उस्ताद फैयाज खाँ या दरबाराचे गवई होते, १९५० मध्ये त्यांचे निधन याच शहरात झाले. त्यांची ‘बाजूबंद खुल खुल जाय’ ही भैरवीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकताना लक्ष फक्त त्या ‘खुल खुल’ या दोन अक्षरसमूहांवर ठेवावे. बाजूबंद सुटतो आहे, एवढीच माहिती त्या शब्दांत आहे. पण ते शब्द एकदा लाडिक तक्रारीसारखे येतात, एकदा असहाय्य कबुलीसारखे, एकदा जणू आपल्याशीच बोलल्यासारखे. ठुमरीत याला बोल-बनाव म्हणतात आणि तो गायकाच्या तालमीचा भाग असतो. रॉक गायक हे शब्द वापरत नाही, पण करतो तेच. म्हणून रॉक गाण्याचे शब्द नुसते कागदावर वाचून त्याचा अर्थ ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगतो. कागदावर ते अनेकदा बाळबोध दिसतात, आणि ज्या ठिकाणी आवाज फाटतो, थांबतो किंवा मुद्दाम निर्विकार होतो, नेमक्या त्या जागा कागदावर नसतात.

अर्थात कागदही लागतोच, कारण कान फसवतात. मी कॉलेजात असताना रावपुऱ्यातल्या एका दुकानातून कॅसेट भरून आणत असे. त्यांत शब्दांचा कागद नसायचा. एका दोनशे पानी वहीत मी ऐकून ऐकून गाणी उतरवून काढी, आणि न कळलेल्या शब्दाच्या जागी पेन्सिलीने रेघ ओढून ठेवी. काही पानांवर शब्द कमी आणि रेघाच जास्त आहेत. पुढे खरे शब्द मिळाले तेव्हा कळले की जिथे रेघ होती तिथे फारसे नुकसान झाले नव्हते. नुकसान जिथे मी खात्रीने चुकीचे लिहिले होते तिथे झाले होते. जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ च्या ‘पर्पल हेझ’मध्ये तो आकाशाचे चुंबन घेतो म्हणतो, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनीही तिथे ‘या माणसाचे चुंबन’ असे ऐकले. अशा चुकीला इंग्रजीत ‘माँडग्रीन’ म्हणतात. सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ मध्ये ते नाव दिले, कारण एका स्कॉटिश पोवाड्यात ‘त्याला हिरवळीवर ठेवले’ या ओळीच्या जागी लहानपणी तिला ‘लेडी माँडग्रीन’ नावाची एक बाई ऐकू आली होती. आपल्याकडे आरतीतल्या ‘फणिवरबंधना’चे ‘फळीवर वंदना’ आणि ‘संकटी पावावे’चे ‘संकष्टी पावावे’ पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. यातून एक उपयोगी गोष्ट कळते: कान रिकामी जागा सहन करत नाही, ओळखीचा शब्द तिथे बसवतो. गणपतीपुढे उभ्या असलेल्या मुलाला नागाचा कमरपट्टा ठाऊक नसतो, संकष्टी मात्र दर महिन्याला घरात येते. अर्थ लावतानाही आपण अगदी हेच करतो, आणि म्हणून अर्थ लावण्याआधी शब्द तपासून घेणे ही पहिली पायरी आहे.

आता देश आणि काळ. ‘ईगल्स’ बँडचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ १९७६ च्या अखेरीस आलेल्या अल्बममधले आहे, आणि भारतात इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांपैकी ज्याने ते ऐकले नाही असा माणूस मिळणे कठीण. वाळवंटातल्या अंधाऱ्या रस्त्याने जाणारा प्रवासी एका हॉटेलात शिरतो, तिथली श्रीमंती पाहून भुलतो आणि शेवटी बाहेर पडायची वाट त्याला सापडत नाही. सैतानाच्या पूजेपासून वेड्यांच्या इस्पितळापर्यंत या हॉटेलाचे शेकडो अर्थ लावले गेले आहेत. गीतकार डॉन हेन्लीने मात्र ते निरागसतेकडून अनुभवाकडे जाणाऱ्या प्रवासाचे गाणे म्हटले आहे. या गाण्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा फार लहान आहे. प्रवासी वाइन मागतो, आणि तिथला माणूस उत्तर देतो की १९६९ पासून आमच्याकडे ते ‘स्पिरिट’ नाही. आपण ज्याला श्लेष म्हणतो तो हा: स्पिरिट म्हणजे दारू, आणि स्पिरिट म्हणजे चैतन्य, ऊर्मी. एका पत्रकाराने हेन्लीला ऐकवले की वाइन ही स्पिरिट प्रकारात मोडत नाही, तेव्हा हेन्लीने त्याला रूपकच कळले नाही असे खरमरीत उत्तर दिले. १९६९ हे वर्ष अमेरिकेबाहेरच्या माणसाला नुसता आकडा वाटेल. पण त्याच वर्षी ऑगस्टात वुडस्टॉकचा तीन दिवसांचा प्रचंड मेळा भरला, ज्यात एका पिढीला वाटले की प्रेमाने आणि संगीताने जग बदलेल, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट येथील जलशात एक तरुण भोसकला जाऊन मेला. हे ठाऊक झाले की हॉटेलवाल्याचे ते एक वाक्य एका पिढीच्या विझलेल्या आशेबद्दल बोलू लागते, आणि सैतानाला मध्ये आणण्याची गरजच उरत नाही.

याच गाण्यात पुढे एक स्त्री म्हणते की आपण सारे इथे स्वतःच तयार केलेल्या बंधनांत कैदी आहोत. ही ओळ ऐकताना मला दरवेळी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला पोपट आठवतो. नळीवर बसलेला तो पोपट, त्याच्याच भाराने नळी फिरते, तो घाबरून तिला आणखी घट्ट धरतो आणि आपण बांधलेलो आहोत असे मानून लटकत राहतो. त्याला कोणीही बांधलेले नाही. हेन्लीने ज्ञानेश्वरी वाचली असावी असे मला मुळीच सुचवायचे नाही, आणि येथे फार काळजीने बोलायला हवे. गाण्यात काय आहे, आणि गाणे ऐकून मला काय आठवले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पोपट गाण्यात नाही, तो माझ्या घरातून आला आहे. पण तो आल्यामुळे गाण्यातली एक ओळ अधिक स्वच्छ दिसली, आणि पोपटाच्या त्या चित्राला गाण्यातला कोणताही शब्द विरोध करत नाही. म्हणून मी तो वाचकापुढे ठेवू शकतो. सैतानवाल्यांचा अर्थ मला पटत नाही तो विचित्र आहे म्हणून नव्हे, तर तो दोन-तीन शब्दांवर उभा राहतो आणि बाकीचे सगळे गाणे त्याच्या हातून सुटते म्हणून.

मग कवीच्या शब्दाचे वजन किती? माझ्या मते साक्षीदाराइतके, न्यायाधीशाइतके नव्हे. ‘बीटल्स’ बँडच्या जॉन लेननने आयुष्यभर सांगितले की १९६७ चे ‘ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ हे त्याचा लहान मुलगा ज्युलियन याने शाळेतून आणलेल्या एका चित्रावरून सुचले आणि शीर्षकातल्या आद्याक्षरांतून एलएसडी हा मादक पदार्थ निघतो हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते. त्याचाच जोडीदार पॉल मॅकार्टनी २००४ मध्ये म्हणाला की त्या गाण्यातला मादक पदार्थांचा संबंध तर उघडच आहे. एकाच खोलीत बसून गाणे पुरे करणारे दोन साक्षीदार जर असे वेगवेगळे बोलतात, तर ऐकणाऱ्याने पुन्हा गाण्याकडेच वळावे हे बरे. १९६७ मध्येच लेननला त्याच्या जुन्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचे पत्र आले की वर्गात तुमच्या गाण्यांचे रसग्रहण चालते. तेव्हा, आता याचा अर्थ लावून दाखवा, अशा ईर्ष्येने त्याने ‘आय अ‍ॅम द वॉलरस’मध्ये मुद्दाम निरर्थक ओळी भरल्या. त्यातला वॉलरस लुईस कॅरलच्या एका कवितेतून आला होता, आणि त्या कवितेतला वॉलरस हा खलनायक आहे हे आपल्याला नंतर कळले, असे लेननने स्वतःच पुढे सांगितले. स्वतःच्या गाण्यातल्या प्रतिमेचा अर्थ कवीलाही मागाहून कळू शकतो, याचा याहून प्रामाणिक कबुलीजबाब मला ठाऊक नाही.

फ्रेडी मर्क्युरीने तर साक्ष देण्याचेच नाकारले. बडोद्याहून मुंबईला जाताना वाटेत वलसाड लागते. या गावाचे जुने नाव बुलसार, आणि मर्क्युरीचे मूळ आडनाव बुलसारा. जन्म झांझिबारचा, घराणे गुजरातचे पारशी, आणि शाळा पाचगणीची. ‘क्वीन’च्या १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’त एक मुलगा आईला सांगतो की मी एका माणसाला मारले आहे, आणि मग ऑपेराच्या थाटातल्या एका गोंधळात त्याचा निवाडा चालू असल्यासारखे आवाज उठतात, त्यांत अचानक ‘बिस्मिल्ला’ हा शब्दही येतो. पुष्कळ ऐकणारे यात मर्क्युरीच्या खासगी आयुष्याची कबुली वाचतात. त्याने त्यावर काही सांगितले नाही, ज्याचे त्याने ठरवावे असे तो म्हणत राहिला. त्याच्या आयुष्याची किल्ली या गाण्याला लागते का, हे पाहण्यात गैर काही नाही, पण ती न लावताही गाणे उघडते हे विसरता कामा नये. अपराध, भीती, संताप आणि शेवटी ‘आता कशाचेच काही नाही’ अशी थकलेली शांती, हा क्रम ऐकायला कोणाचेही चरित्र ठाऊक असावे लागत नाही.

प्रसंग, म्हणजे मम्मटाचे ‘प्रकरण’, याचे एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. ‘पिंक फ्लॉइड’च्या १९७९ च्या ‘द वॉल’ या अल्बममधले शाळेबद्दलचे गाणे, ज्यात लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या शाळेची मुले आपल्याला शिक्षण नको असे एका सुरात गातात, ते आपल्याकडे परीक्षेच्या दिवसांत चेव येऊन गायले जाते. सबंध अल्बम ऐकला की ती शाळा म्हणजे एका माणसाने स्वतःभोवती रचलेल्या भिंतीतली केवळ एक वीट आहे हे समजते. युद्धात गेलेला बाप, जीव गुदमरवणारी आई, अपमान करणारे मास्तर, अशा विटा चढत जातात. म्हणजे गाणे शिक्षणाविरुद्ध नाही, माणूस एकटा कसा पडतो याविषयी आहे. हा अर्थ मी पूर्वी शेवटचा मानत असे. पण १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांना दिल्या जाणाऱ्या दुय्यम शिक्षणाच्या निषेधात हेच गाणे उचलले, आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. त्या मुलांनी अल्बमची कथा बाजूला ठेवली होती. तरी त्यांचा अर्थ चुकीचा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. गाण्यातले शब्द, मुलांचा तो एकत्र आवाज, विचारांवर ताबा ठेवणाऱ्यांविरुद्धची चीड, हे सारे त्यांच्या बाजूने उभे होते, फक्त देश आणि काळ बदलला होता. गुराखी आणि सेनापती यांनी एकच सूर्यास्त पाहिला होता.

भाची दोन दिवसांनी पुन्हा आली. हारांच्या वेळचे गाणे तिने बदलले होते, पण ती बोलायला आली होती ती जुन्याच गाण्याबद्दल. तिने ते कडवे शब्द समोर ठेवून बरेचदा ऐकले होते आणि फोनवरच्या त्या ओळीखाली तांबडी रेघ ओढली होती. “मामा, ती निघून गेलीय हे मला पटलं. पण त्याला स्वतःला कळलंय का, की आपण प्रेम करत नाही आहोत, पाळत ठेवतोय?” मी इतकी वर्षे गाणे ऐकतो आहे, पण हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नव्हता. मधल्या कडव्यात तो रडवेला होतो, तिला परत ये म्हणून विनवतो, आणि पुढच्याच क्षणी तीच थंड, एकसारखी ओळ पुन्हा गाऊ लागतो. त्या दोन आवाजांच्या मध्ये अगदी लहानशी जागा आहे. आम्ही ओट्यावर बसून, तिच्या फोनवर, तेवढीच जागा पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकली. तिचे म्हणणे पडले की त्याला कळलेले नाही, आणि मला वाटले की त्या एका क्षणी, स्वर चिरतो तिथे, त्याला कळले आहे.